हाय का गेलास?

लवंग दाताखाली आली की मला अजून शिव्या ऐकू येतात. बीडच्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर नवा होतो, तेव्हा आवाज गोड यावा म्हणून मी लवंग चघळत बसायचो. एका दुपारी परळीहून एका माणसाचा फोन आला. बायको वारली होती आणि आता त्याला जगावंसं वाटत नव्हतं. मी प्रशिक्षणात घोकलेलं वाक्य पुणेरी सुरात सोडलं, "तुमच्या भावना मी समजू शकतो."

"काय समजतंय बे तुला? तुझी मेली का?"

घाबरून मी प्राणायाम सुचवला. त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. माझंही डोकं फिरलं. पण आपण फोन ठेवायचा नाही, असा नियम होता. म्हणून लवंग कराकरा चावत गप्प बसलो. तेव्हा ते गप्प बसणं म्हणजे निव्वळ रुसवा होता. ऐकणं त्यालाच म्हणतात, हे फार उशिरा कळलं.

पलीकडे नुसती पंख्याची घरघर. मग आवाज आला, "हाय का गेलास?"

"हाय की बे!" मी खेकसलो.

"मंग ऐक." आणि तो बायकोबद्दल बोलत राहिला, पार ऊन उतरेपर्यंत. शेवटी म्हणाला, "उद्या बी तूच उचल फोन. पण त्वांड उघडलंस तर बघ!"