कच्चा शाडू आणि एझ्राचा बंब

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. बाहेर आषाढाचा पाऊस धो धो कोसळतोय. गमबुटात पाणी शिरलंय, टोपीच्या कडेवरून धार लागलीय, आणि अशा अवतारात तुम्ही एका गणपतीच्या कारखान्याच्या दारात उभे आहात. आत बायका मूर्ती रंगवताहेत. त्यांना तुम्ही सांगायचं आहे की, "बायांनो, जपून राहा, आग लागेल." सांगून बघा. कोण ऐकेल? मान वर केलीच तर हसायला लागतील.

एझ्रा पेणकर हेच काम करत पेणजवळच्या हमरापूरला फिरायचा.

त्याआधी तो रोह्याला एका केमिकल कंपनीत फायर सेक्शनला होता. तिथे भोंगा झाला की मॅनेजरसुद्धा चहाचा कप टाकून पळायचा. कुठे उभं राहायचं, कोणी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळं ठरलेलं. नंतर तो पेणला आगीच्या बंबावर लागला आणि त्याची पंचाईत झाली. इथे भोंगा कोणासाठी वाजवायचा? आग विझवण्यापेक्षा लागू न देणं बरं, हे त्याच्या डोक्यात रोह्यापासूनच पक्कं बसलेलं. म्हणून सुट्टीच्या दिवशी सायकल काढून तो गावोगाव सांगत सुटायचा. गडब गावात म्हणाला, पेंढ्याची उडवी घराला चिकटून रचू नका. घरधनी म्हणाला, "मग पावसात म्हशीला पेंढा आणून घालायला तू येशील काय?"

हमरापूरला मात्र त्याचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. पावसाळ्यात मूर्ती वाळत नाहीत, म्हणून कारखान्यांत कोळशाच्या शेगड्या ठेवतात. वर प्लॅस्टिकचे कागद, खाली मूर्ती बांधायला आणलेला पेंढा, कोपऱ्यात थिनरचे डबे. एका भिंतीला दुसऱ्याचा कारखाना लागून. एझ्राला झोपेत ती आळी पेटलेली दिसायची. त्याला एवढंच हवं होतं, की या लोकांनी चार गोष्टी ऐकाव्यात, आणि काही झालंच तर सगळ्यांत आधी बंबाला बोलवावं.

१९९५च्या पावसाळ्यात त्याने धोंडुबाईच्या कारखान्यात वाळूच्या तीन लाल बादल्या आणून ठेवल्या. धोंडुबाई म्हणजे आळीतली सगळ्यांत जुनी कारागीर. मूर्तीचे डोळे काढणं, ज्याला तिथे आखणी म्हणतात, ते तिच्याशिवाय कोणी करायचं नाही. ती डोळे काढायला बसली की कारखान्यात कोणी बोलायचं नाही, ही रीत. त्या दिवशीही एझ्रा दारात पाण्याने निथळत उभा राहिला. दोन्ही डोळे पुरे झाले, तेव्हा तिने कुंचला ठेवला.

"बोल आता, बंबवाल्या."

एझ्रा बोलला. शेगडी पेंढ्यापासून लांब. थिनरच्या चिंध्या बाहेर. ठिणगी पडली तर वाळू, जास्त पेटलं तर बंबाचं पाणी. धोंडुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि सुनेकडे वळली.

"अनिता, बघ गो ह्याची तऱ्हा. शनवारी हा स्वतःची चूल पेटवत नाय, नि बाकीचे सहा दिवस आपली पेटवू देत नाय!"

कारखाना खदखदून हसला. एझ्राही हसला, कारण खोटं काही नव्हतं. त्याची आई सिपोरा शुक्रवारी संध्याकाळीच शनिवारचं रांधून ठेवायची. पेणला त्यांच्यासारख्या ज्यूंची घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, तरी शनिवार पाळणं काही सुटलं नव्हतं.

"हसा मावशी, पण शेगडी तेवढी सरकवा."

"सरकवते रे. चा घे."

चहा घेतला. शेगडी तिथेच राहिली.

चतुर्थीला आठवडा उरला असताना भर दुपारी नाक्यावरच्या एसटीडीवरून फोन आला. बंबाचे ड्रायव्हर दाजी ताटावरून उठले ते हात न धुताच गाडीत बसले. बंब आळीत शिरला तेव्हा धोंडुबाईच्या कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात पेंढा धडधडत होता आणि प्लॅस्टिकचे पेटते थेंब खाली टपटपत होते. एझ्राने पाइप ओढत दार गाठलं. दारात धोंडुबाई दोन्ही हात पसरून उभी.

"पाणी नको! एझ्रा, पाणी मारू नको!"

"मावशी, बाजूला व्हा."

"कच्चा शाडू हाय रे! गाळ होईल सगळ्याचा. वरसाची मेहनत हाय!"

एझ्रा जागच्या जागी थबकला. रोह्याला त्याला सगळं शिकवलं होतं. तेलाची आग, विजेची आग, गॅसची आग. पण ज्या मालाला वाचवायचं, तोच पाण्यात विरघळतो, तेव्हा काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. इतक्या वेळा या दारात उभं राहून तो पाणी पाणी करत आला होता.

"वाळू! वाळूच्या बादल्या कुठायत?"

एका बादलीत शाडूचा घोळ होता. दुसरी छपराच्या गळतीखाली होती. तिसरीत कुंचले भिजत होते.

"अगो, वाळू कुठाय?" तो अनितावर ओरडला.

"टेंपो रुतलेला दारात," अनिता रडत म्हणाली, "चाकाखाली टाकली."

एझ्राने गोणपाट ओलं केलं आणि आत घुसला. त्याच्यामागून अनिताही घुसली. दोघांनी पेंढा झोडपला. मिनिटभर वाटलं, आटोक्यात येतंय. मग वरचा बांबू पेटला, आणि त्याला लागूनच शेजारच्या जनूच्या कारखान्याचं छप्पर होतं. जनूकडे माळ्यावर पोरं मुकुट रंगवत होती.

एझ्राने धोंडुबाईला दोन्ही खांद्यांना धरून बाजूला केलं. "दाजी, पाणी सोडा!"

त्याने धार मारली नाही. नोझल फिरवून बारीक फवारा केला, आधी छपरावर, मग कोपऱ्यावर, मूर्तींवर जमेल तितका कमी. आग विझली. जनूचं छप्पर राहिलं, पोरं राहिली, आळी राहिली. आणि आत, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या मूर्तींच्या सोंडा हळूहळू खाली झुकू लागल्या. आखणी झालेल्या मूर्तींच्या गालांवरून काळे ओघळ उतरत होते. धोंडुबाई एकीपुढे उभी राहून पदराने ते टिपत होती. टिपलं की आणखी पसरत होतं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर एकच बोलणं होतं. "आगीने कोपरा नेला, बंबाने कारखाना नेला." जनू, ज्याचं छप्पर वाचलं होतं, तोही टपरीवर म्हणाला, "आग माझ्यापर्यंत आलीच नसती. हा रोह्याचा शहाणा उगीच घाई करतो."

एझ्राला तिथल्या तिथे त्याचा सदरा धरावासा वाटला. दाजींनी त्याला गाडीकडे ओढलं. "चल. जळलं नाय ते दाखवता येत नाय रे कोणाला. नोकरीच तशी हाय आपली."

"पण दाजी, पोरं होती वर!"

"व्हय. नि आता खाली उतरून खेळतायत. म्हणून तर कोणाला आठवत नाय."

एझ्रा गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. तो रोह्याला आपल्या जुन्या सुपरवायझरकडे गेला आणि विचारलं, पाणी नको तर काय? सुपरवायझरने कोरड्या पावडरचा एक सिलिंडर भरून दिला. एझ्राने तो एसटीतून मांडीवर ठेवून आणला आणि धोंडुबाईच्या दाराशी खिळ्याला टांगला. कसा वापरायचा, ते अनिताला शिकवलं. धोंडुबाईने लांबूनच विचारलं, "ही पावडर ओल्या रंगावर बसली तर?"

"बसेल, मावशी. पण मूर्ती वितळणार नाय."

"हां," ती म्हणाली. या वेळी शनिवारचा विनोद केला नाही. चहाही विचारला नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात एझ्रा दाजींच्या नातवाला बघायला दवाखान्यात गेला होता. तिथे त्याला शकू दिसली, जनूच्या कारखान्यात रंगकाम करणारी. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या.

"काय झालं गो?"

"शेगडी लवंडली." शकू भिंतीकडे बघत म्हणाली. "पेंढा पेटला. आम्ही गोणपाटाने झोडपला."

"कधी?"

"परवा."

"परवा मी दिवसभर बंबावरच होतो. फोन कोणी केला नाय?"

शकूने पट्ट्या बांधलेले हात पदराखाली ओढले.

"आणि सिलिंडर? तो तर पलीकडच्याच दाराला टांगलाय!"

"जनूशेठ बोलले, रंग ओले हायत, हात लावू नका." मग जरा थांबून ती म्हणाली, "मूर्ती सगळ्या वाचल्या."

एझ्राने सायकल काढली आणि तडक हमरापूर गाठलं. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होता. मूर्ती मोठी की हात मोठा? ज्या हातांनी रंगवायचं तेच भाजून घेतलेत! फोन किती लांब होता? शब्द एकापेक्षा एक जहाल सुचत होते.

धोंडुबाई आखणीला बसली होती. कारखाना चिडीचूप. दारातला सिलिंडर होता तिथेच होता, वर रंगाचे शिंतोडे उडालेले. शेगडी या वेळी पेंढ्यापासून लांब, मोकळ्या जागेत होती. एझ्राने ते पाहिलं, आणि त्याचा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. म्हणजे या बाईने ऐकलं होतं. शेजारच्या कारखान्यात हात भाजले तेव्हा मात्र तीही फोनकडे गेली नव्हती.

अनिताने खूण केली, थांब. तो थांबला. एक डोळा झाला. धोंडुबाईने कुंचला पाण्यात बुडवला, कडेला पुसला, आणि मान न वळवता म्हणाली, "शकूला बघून आलास?"

"व्हय."

"दुसरा डोळा राहिलाय रे."

म्हणजे अजून बोलायचं नव्हतं. एझ्रा दारात उभा राहिला, टोपीवरून पाणी गळत. जुळवून आणलेलं एकेक वाक्य गळून गेलं. कोणावर ओरडायचं नव्हतं, काही समजावायचं नव्हतं. एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला तो दुसरा डोळा पुरा व्हायची वाट बघत होता.

मावशी, उद्या इथे आग लागली, तर मला बोलवाल की नाय?