समुद्रावर गेलेला रिमोट

नवरा बोटीवर नोकरीला असला की घरातल्या बऱ्याच वस्तू त्याच्या खिशातून जग बघून येतात. आमच्या कपाटाची किल्ली सिंगापूरला जाऊन आली आहे, माझा वाचायचा चष्मा पनामा कालव्यातून गेला आहे. गेल्या वर्षी मात्र ह्यांनी कहर केला. गाडीचा रिमोट नेला.

गाडी सेकंडहँड. किल्ली वेगळी, रिमोट वेगळा, आणि रिमोट एकुलता एक. ह्यांना स्टेशनवर सोडायला मीच गाडी चालवत नेली, त्यामुळे किल्ली माझ्या हातात होती. ह्यांनी बॅगा उतरवल्या, सवयीने रिमोट दाबून दारं लावली आणि रिमोट खिशात घातला. रेल्वे सुटली. मी डोळे पुसत परत आले, किल्लीने दार उघडलं आणि गाडीने असा काही भोंगा फोडला की बाहेरचे सगळे रिक्षावाले धावत आले. त्यांनी माझे ओले डोळे बघितले आणि चोर बाई रडतेय असंच समजले असणार. किल्ली आत घालून फिरवली तेव्हा कुठे ती गप्प झाली.

तेव्हापासून तो रोजचा तमाशा झाला. दार लावून अर्धं मिनिट गेलं की गाडी आपोआप पहाऱ्यावर बसायची, आणि किल्लीने उघडणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी दरोडेखोर. मिरजोळ्याला मासळीच्या एका कारखान्यात मी माल तपासायचं काम करते. मॅडम घरी निघाल्या हे तिथे सगळ्यांना भोंग्यावरून कळायला लागलं. आमच्या आळीतल्या एक काकू तर त्यावर कुकर लावायच्या.

माझे दीर पोफळीला वीजकेंद्रात असतात. त्यांचा फोन आला. "वहिनी, रविवारी येतो, बॅटरीची वायर काढतो आणि वर कव्हर घालतो. दादा आला की बघू. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले. गाडी शिकायला मी सेहेचाळीसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली होती. त्याआधी दोनदा शिकून, दोनदा सोडून दिलं होतं. आता तिसऱ्यांदा हात सुटला तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. भाऊजींना तो सहा महिन्यांचा प्रश्न वाटत होता. माझ्यासाठी तो कायमचाच होता.

मग मी मोबाईलवरून एक नवा रिमोट मागवला. तो शनिवारी आला. बरोबर एक चिठोरं होतं. सगळी दारं बंद करायची, किल्ली घालायची, दहा सेकंदांच्या आत पाच वेळा चालू-बंद करायची आणि पाचव्यांदा चालूवरच ठेवायची. कुलुपं खटकन वाजली की गाडी ऐकायला तयार झाली. मग नव्या रिमोटचं बटण दाबायचं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की त्या वेळी जे रिमोट हजर नसतील त्यांना गाडी विसरेल.

रविवारी सकाळी मी गाडीत बसले. मोजायला मागच्या सीटवर सासूबाई. त्यांना गाडीत कोंडल्यासारखं होतं म्हणून एक पाय दाराबाहेर. पहिला प्रयत्न त्या पायापायी गेला. पाय आत घेतला, दार लावलं, तरी दुसरा गेला, तिसराही गेला. मला घाम फुटला. भाऊजी पोफळीहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता.

"आई, तुम्ही नीट मोजताय ना?"

"म्हणजे काय गो? लाभ, दोन, तीन, चार, पाच."

माझं माहेर ठाण्याचं. तांदूळ आम्ही पिशवीतून आणलेले. सासूबाई "लाभ" म्हणाल्या की मला वाटायचं, देवाचं काहीतरी म्हणून घेतायत, आता सुरू होईल. मी किल्ली फिरवायची ती "दोन"पासून. म्हणजे दर खेपेला चारच.

"आई, एक म्हणा ना!"

"एक नाय म्हणायचं. भात मापताना पयलं माप लाभाचं. एक म्हटलं की एकावरच ऱ्हातं."

वाद घालायला वेळ नव्हता. मी "लाभ"वर किल्ली फिरवली. पाचव्याला चारही दारांची कुलुपं खटकन वाजली आणि सासूबाईंनी हात जोडले. बटण दाबायच्या आधी माझा अंगठा जरा अडला. ह्यांचा रिमोट आता बाद होणार होता. पण तो हिंद महासागरात काय कामाचा, असं म्हणून मी दाबलं. पुन्हा खट. बाहेर येऊन मी गाडी सहा वेळा लावली आणि उघडली. भोंगा नाही, नुसतं हळूच टुक. मी अंगणात चक्क नाचले.

भाऊजी कव्हर घेऊन आले ते चहा पिऊन कव्हरसकट परत गेले. जाताना म्हणाले, "मला पण शिकवा वहिनी." सासूबाईंनी हेदवीच्या गणपतीला जायचं जाहीर करून टाकलं, वाटेतली खाडी ओलांडायला गाडी जेटीवरून फेरीबोटीत चढवायची तयारी आहे का, हे मला न विचारताच.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. बोट बंदराजवळ होती, रेंज चांगली होती. मी पराक्रम सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "तुझ्या रिमोटचं सॉरी हां. पण खरं सांगू? रोज ड्युटी संपली की डेकवर येतो नि एकदा दाबतो. त्याचा लाल दिवा लागतो. घरी आल्यासारखं वाटतं. हसशील तू."

मी हसले नाही. पराक्रम तिथेच गिळला.

"आत्ता आहे हातात?" मी विचारलं.

"आहे की."

मी फोन घेऊन ओटीवर आले, नवा रिमोट मुठीत धरला आणि फोन गाडीच्या दिशेला केला. "दाबा," मी ओरडून सांगितलं. त्यांनी तिकडे दाबला असणार. मी इकडे दाबला.

टुक.

फोन कानाला लावला तर पलीकडे नुसता वारा. मग ह्यांचा आवाज आला, "परत एकदा."