उतारावरची मोटर

गणपत गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या मोटरचा कंडक्टर आला तेव्हा मी धुळ्याच्या स्टँडवर चहा पीत होतो. पारोळ्याच्या अलीकडे उतारावर मोटर उभी आहे आणि गणपतभाऊ आतच… एवढंच बोलून तो मटकन खाली बसला. मी आधी पॅसेंजरांचं विचारलं आणि मग माझ्या मेहुण्याचं. मोटरवाल्याचं असंच असतं. "पॅसेंजर बठ्ठा सुखरूप शेतस," तो म्हणाला आणि रडायला लागला. या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

गणपत माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आणि हाडाचा गाडीवान. अमळनेरच्या कापसाच्या गाठी त्यानं वर्षानुवर्षं बैलगाडीनं वाहिल्या. पुढं लॉऱ्या आल्या आणि त्याची गाडी दारात उभी राहिली. चारा परवडेना म्हणून बैलही विकले. मी ज्यांची मोटर चालवत होतो त्या शेठजींनी दुसरी मोटर घेतली होती. गणपतनं दिवाळीच्या आत लायसन्स काढलं तर मोटर त्याच्या हाती, नाहीतर नाशिकचा ड्रायव्हर ठरलेलाच होता. "त्याले शिकाडा," बायको मला म्हणाली, "नही ते तो सुरतले निंघी जाई." एकदा सुरतेच्या गिरणीत गेलेला माणूस पाहुणा म्हणूनच परत येतो, हे तिला माहीत होतं.

शिकवणं कसलं, जीव मुठीत धरून शेजारी बसणं ते! समोर काही आडवं आलं की हा स्टीअरिंग कासऱ्यासारखं छातीकडे ओढायचा आणि तोंडानं "हो… हो…" करायचा. मोटर सरळ कपाशीत. "दाजी, बैलले कान ऱ्हातस. हाई लोखंडले मी काय सांगू?" लोखंडाला पायानं सांगायचं, हे त्याच्या गळी उतरवता उतरवता माझ्या तोंडाला फेस आला. पण गडी चिवट. रात्री जेवताना पाटावर बसल्याबसल्या त्याचा उजवा पाय जमीन दाबत असायचा.

परीक्षेला लायसन्स देणारे फौजदार स्वतः शेजारी बसले आणि मला मागं बसवलं. पारोळ्याच्या रस्त्यानं गणपतनं मोटर इतकी सुरेख नेली की मीही सैल झालो. अन् उतारावर समोरून बैलगाडी आली. आमचा आवाज ऐकून बैल बिथरले आणि म्हाताऱ्या गाडीवानाच्या हातून कासरा सुटला. गणपतनं पायानं ब्रेक दाबून मोटर जागच्या जागी थांबवली. मी मनात म्हटलं, झालं, लायसन्स मिळालं. तेवढ्यात पठ्ठ्यानं पाय उचलला, खाली उडी मारली आणि धावत जाऊन बैलांच्या वेसणीच धरल्या. बैल थांबले, आणि इकडे मोटर फौजदारांना घेऊन उतारानं निघाली. चाकं नाल्याच्या कडेशी जात होती. मी मागून अंग झोकून हँडब्रेक ओढला. मोटर थांबली तेव्हा फौजदारांची टोपी पायाशी पडली होती.

मोटर सोडून उतरलासच कसा, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. गणपत खाली मान घालून म्हणाला, "बैल हो म्हनताच उभा ऱ्हातस, साहेब."

फौजदारांनी टोपी उचलली आणि तिच्यावरची धूळ झटकत राहिले. माझ्या डोळ्यांपुढं सुरतेची गाडी दिसायला लागली. शेवटी म्हणाले, "गाडीवान म्हणून तू चांगला आहेस. लायसन्स आज देत नाही. दिवाळीआधी पुन्हा ये, याच उतारावर."

ते लायसन्स त्यानं मिळवलं. घरी बायकोनं खापरावरचे मांडे केले, पण गणपतला घास गोड लागेना. फौजदार नाल्यात गेले असते तर… हेच त्याच्या डोक्यात होतं. पुढं लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मोटरी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या तेव्हाही तीच वाट त्यानं तुडवली, आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या दिवशी निरोप आला तसा, परीक्षेच्या त्याच उतारावरून मोटर आणायला मीच गेलो. गणपतला लोकांनी आधीच घरी नेलं होतं. एक म्हातारी पॅसेंजर रस्त्याकडेला बसून होती. ती म्हणाली, पोरानं छातीवर हात धरला, मोटर कडेला घेतली, काहीतरी ओढलं आणि मग मान टाकली. मी आत बसलो. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढलेला होता. एका हातानं तो सुटेना. दोन्ही हात लावले, तेव्हा कुठं सुटला… आणि मोटर उतारानं चालू लागली.