उंबराच्या सावलीतलं भाट

"आज गुडघ्याएवढां, उद्या डोक्याएवढां, परवा सरकाराचां!"

असं म्हणत आमची शेजारीण कोयता चालवायची. बोलणं समोरच्या रोपट्याशी असायचं. रोप मुठीत धरायचं, जरा वाकवायचं आणि एका घावात आडवं करायचं. सगळी आळी तिला काकी म्हणायची, मीही.

मुळगावच्या बाजूला ज्यांची भाटं आहेत, त्यांनी असं माणूस पाहिलं असेल. डोंगरउतारावरच्या काजूच्या बागेला आम्ही भाट म्हणतो. काजू पिकायच्या आधी सगळेच आपापलं भाट साफ करतात, नाहीतर पडलेलं फळ, बोंडू, पाल्यात दिसत नाही. काकीची साफसफाई मात्र काजूसाठी नव्हती. तिचे काजू म्हातारे झाले होते, निम्मे वाळले होते. ती जागा उघडी ठेवत होती, लेकीच्या घरासाठी.

लेक नवऱ्याचं घर सोडून आलेली. भावाच्या दोन खोल्यांत, भावजयीच्या राज्यात, रात्री भांडी आवरून झाली की स्वयंपाकघरात अंथरूण घालायची. उतारावर झाडी माजली आणि सरकारी सर्वेत ती खाजगी वन म्हणून लागली, तर तिथे घराला परवानगी मिळणार नाही, हे काकीने पंचायतीत ऐकलं होतं. तेव्हापासून तिचं आणि रानाचं वैर.

सकाळी पाववाला पोदेर येऊन गेला की चहात त्याचा उंडो बुडवून खायची आणि वर चढायची.

"काकी, एखादा गडी लाव की."

"गड्यान कापलेलां परत येता."

"आणि तू कापलेलं?"

"तांय येता. पण माका वळखून येता!"

येत होतं खरंच. किंदळाचं झाड कापलं की बुंध्यातून चार-पाच फुटवे निघतात. तिने जिथे एक झाड तोडलं, तिथे पुढच्या वर्षी झुडूप उभं. मुळासकट काढायचं तर खालचा जांभा फोडायला हवा. तो कोण फोडणार?

त्यात भाटाच्या मधोमध उंबर उगवला. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, त्याला आमच्याकडे कुणी कोयता लावत नाही. काकी तर त्याच्या सावलीत पाऊल टाकायच्या आधी चपला काढायची. मग सावलीतलं काही तोडायचं नाही, असा नियम तिने स्वतःच घालून घेतला.

"लेकीक राखणदार गावलो," म्हणाली.

राखणदार जोमाने वाढला. उंबरं खायला बुलबुल आले, रात्री वटवाघळं आली. खाऊन-पिऊन जाताना जांभळाच्या, भिरंडीच्या म्हणजे कोकमाच्या बिया टाकून गेली. सावलीत रोपं दाटली. आणि सावली दर वर्षी मोठी होत होती.

मी एकदा स्पष्टच म्हटलं, "काकी, देवाने कंपाऊंड वाढवलंय. तुझ्या लेकीचं घर त्याच्या आत गेलं."

एरवी माझ्या टोमण्याला दुप्पट परत करणारी बाई, त्या दिवशी कोयत्याला धार लावायला बसली. पण नियम मोडला नाही.

मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, दोन पावसाळे अंगणातच निघाले. लेक डिचोलीला दुकानात कामाला. एका रविवारी कोयता घेऊन वर गेली आणि तासाभरात ओरबाडून खाली आली. मी माझा गडी पाठवला. त्याने कडा साफ केल्या आणि सांगितलं, "वयनी, भितर शिराक वाट नाय."

पुढे सर्वेची माणसं आली. बुंध्यांना टेप लावून, हळू आवाजात बोलून गेली. भाट खाजगी वनात लागलं. घर तर राहिलंच, आता झाड तोडायलाही परवानगी लागणार. काकी अंगणात खुर्चीवर बसायची, समोर तोच डोंगर. एका संध्याकाळी मला म्हणाली, "खुर्ची फिरव गो बाय. माका तां बघूचां नाय." मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. ती तशीच बसायला लागली.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. सरणाला लाकडं हवी, म्हणून तिच्या मुलाने आणि शेजारच्या पुरुषांनी वर जाऊन दोन किंदळ पाडले. मेलेल्या माणसासाठी परवानगी कोण मागतो? पण लाकूड ओलं, घाव घालावा तिथे पाणी. मीच म्हटलं, याने काही पेटायचं नाही, डिचोलीहून सुकी लाकडं मागवा. टेम्पो येईपर्यंत पुरुष खाली बसून राहिले.

लेक दिसेना म्हणून मी वर गेले. ती दोन पाडलेल्या झाडांच्या मध्ये उभी होती. तेवढ्या जागेत ऊन आलं होतं.

"वयनी," ती म्हणाली, "हय एक खोली बसतली काय गो?"

मी जागा पाहिली. बसली असती, शिवाय चूल आणि मोरीसुद्धा.

"टेम्पो आला," मी म्हटलं. "चल खाली."