बाईंसमोरची आसवं

सैनिकांच्या समुपदेशन केंद्रात मी बाहेर बाकावर बसले होते. काचेपलीकडे माझे यजमान तिथल्या समाजसेविका बाईंशी बोलत होते. सीमेवरून परतल्यापासून घरात 'हो', 'नाही' आणि 'जेवलो' एवढंच बोलणारा हा माणूस तिथे हातवारे करत होता, मध्येच डोळे पुसत होता. हेवा सवतीचा वाटतो, असं ऐकलं होतं. ऐकून घेणाऱ्या कानांचाही वाटतो, हे त्या दिवशी कळलं. सोळा वर्षांचा संसार माझा आणि आसवं त्यांच्यासमोर.

परतताना न राहवून विचारलं, "मला का नाही सांगत?"

ते म्हणाले, "त्या ऐकून आपल्या घरी जातात. तुला माझ्याशेजारी झोपायचं असतं."

हेवा गेला नाही. तरी मी म्हटलं, "सांगा. मी जागी राहीन."