बंद करूनही तापणारी शेगडी

तुम्ही कधी जाळ नसलेल्या शेगडीवर जहाजभर माणसांचा भात लावलाय का? नाही ना? मग दिंडोशीच्या सपनाचा भात करपला म्हणून हसू नका.

सपना भात शिकली ती आईच्या, शांताबाईंच्या हाताखाली. वस्तीत चौदा एप्रिलचं जेवण असलं की मायलेकी पातेल्यापाशी. भात शिजत आला की गॅस बंद करायचा, झाकणावर वजन ठेवायचं आणि पातेलं जागचं हलवायचं नाही, ही घरची शिस्त. पुढे तिनं जहाजावरच्या स्वयंपाकाचा कोर्स केला. पण वर्गात जहाजावरच्यासारखी शेगडी एकच, आणि तिच्यावर कायम पोरं. सपनाच्या वाट्याला कांदा चिरणं.

मग अंधेरीच्या एका कंपनीत जहाजावरच्या कुकच्या नोकरीसाठी तिची परीक्षा झाली. जहाजावर गॅसची शेगडी नसते. जाड लोखंडी तव्याची इलेक्ट्रिक शेगडी असते, लाटांनी पातेली घसरू नयेत म्हणून कडेनं दांडे लावलेली. सपनानं बटण बंद केलं, झाकणावर वजन ठेवलं आणि घरच्या शिस्तीनं पातेलं तिथंच राहू दिलं. तवा रसरशीत तापलेला. करपल्याचा वास खोलीभर पसरला.

परीक्षा घेणारे नंदकुमार मालवणकडचे, आयुष्य जहाजांवर काढलेले. म्हणाले, "बटण तुझा ऐकता गो, तवो खंय ऐकता? टोप बाजूक घेवचो लागता. घराक जा बाय. दर्यात बायलमाणसाचा काम नाय."

"काका, भात माझ्या चुकीनं करपला," सपना म्हणाली. "बाई म्हणून नाही करपला. परत कधी येऊ तेवढं बोला."

त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं. "फुडल्या म्हयन्यात ये. पण माका भातच होयो."

भावानं, आकाशनं, हौसेनं इंडक्शन आणलं. "झकास आहे ना?"

"लगेच थंड होतं रे हे. मला न ऐकणारी शेगडी पाहिजे."

शेवटी साकीनाक्याच्या भंगारात एक सापडली. सपना रोज भात लावायची, टोप वेळेवर बाजूला घ्यायची. तरी सवयीनं कधी हात थांबायचा आणि बूड लागायचं. करपलेलं घरच खायचं. शांताबाई म्हणायच्या, "तू जहाजावर जाईपर्यंत आमचे दात काळे होणार गं."

हात वळायला लागला आणि परवा त्या शेगडीची कॉइल गेली. दुरुस्तीवाला म्हणतो, हा माल आता मिळत नाही. परीक्षा तोंडावर आलीय, तरी सपना तारीख पुढे ढकलायला तयार नाही. एकदा पुढे ढकलली की बाईमाणूस घाबरलं म्हणून दर्यात बाईचं काम नाही म्हणणारे एकमेकांना टाळ्या देतील.

तेव्हा तुमच्या बंद पडलेल्या कँटीनमध्ये, हॉस्टेलच्या माळ्यावर अशी जाड तव्याची शेगडी धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. दिंडोशीच्या आमच्या बुद्धविहारात आणून द्या, आणि ह्याच आठवड्यात द्या.