गडगडाटाआधी भरलेली नावं

आमच्या रक्ततपासणी केंद्रात मेन स्विचच्या वर एक कागद चिकटवलेला आहे. अक्षर माझं. "आभाळ गडगडलं की आधी मेन पाडा, मग खिडक्या लावा." एका उन्हाळ्यात जवळच्या झाडावर वीज पडली आणि आमचा इन्व्हर्टर, पंखा आणि रक्त तपासायचं एक यंत्र एकदम गेलं, तेव्हापासूनची ही शिस्त. धानोऱ्याच्या या रस्त्यावर घराघरात हेच करतात. ढग वाजला की टीव्हीची वायर ओढतात, मेन पाडतात आणि दारात बसून आभाळ मोकळं व्हायची वाट बघतात. मी भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढले. तिथे भोंगा वाजला की काय करायचं ते ठरलेलं असे, त्यामुळे असे नियम मला मुळातच आवडतात.

काम सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. गावात शिबिर घ्यायचं, बोटाला सुई टोचून रक्त घ्यायचं, तपासायचं, निकाल कॉम्प्युटरवर भरायचा आणि माणसाला कार्ड द्यायचं. पांढरं कार्ड म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे माणूस स्वतः ठणठणीत, पण दोष रक्तात आहे आणि तो पुढे मुलांत जाऊ शकतो. लाल म्हणजे आजार. नवरा-बायको दोघंही पिवळे असले तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता लाल कार्डाची. म्हणून बाई गरोदर राहिली की दोघांचे रंग माहीत असावे लागतात, तेही लवकर. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर नागपूरला जावं लागतं आणि त्याला मुदत असते.

आणखी एक नियम होता. निकालाच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर भरून झाल्या की त्याच दिवशी मागच्या चुलीत जाळायच्या. मागे एका गावात कचऱ्यात पडलेली चिठ्ठी कोणीतरी वाचली, मुलगी पिवळी असल्याचं गावभर झालं आणि तिची सोयरीक मोडली. त्यानंतर बायकांच्या बैठकीतच हे ठरलं. स्क्रीनवर "जतन झाले" आलं की चिठ्ठी चुलीत. पूर्वीच्या वह्या सोडून हा नवा कॉम्प्युटर दिवाळीनंतर बसला होता, आणि हिवाळाभर त्याने काही तक्रारीला जागा ठेवली नव्हती.

चैत्रातली सकाळ होती. आशाताई एका गरोदर बाईला घेऊन आल्या. आशाताई म्हणजे पुढच्या गावातल्या आरोग्याच्या कार्यकर्त्या, पन्नाशीच्या, बोलायला कडक. ती बाई विशीतली, पहिलटकरीण, तिसरा महिना सरत आलेला. माहेरच्या शिबिरात मिळालेलं तिचं पिवळं कार्ड तिच्या कंबरेच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं होतं. सासरच्या गावची कार्डं अजून वाटायची होती, म्हणून नवऱ्याचं कार्ड न्यायला आल्या होत्या.

मी नाव टाकलं. नाही. आडनावाने शोधलं. नाही. गावाने शोधलं तर गाव होतं, तो नव्हता.

"ताई, तो शिबिराला आला नसेल."

"आला नसेल? मी हात धरून बसवला त्याले. मी काय खोटं बोलून राह्यली काय?"

"तसं नाही. नाव दुसरं लिहिलं असेल."

"त्याचं एकच नाव हाये. बायकोले विचारा."

बायको खाली बघत म्हणाली, "आले होते जी ते. सुई टोचली म्हणून दिवसभर बोट दाखवत होते."

"मग त्यालाच बोलवा, पुन्हा तपासू."

"तो तेलंगणात गेला मिरची तोडाले," आशाताई म्हणाल्या. "फोन लागत नाई. म्हणून तर तुमच्या कॉम्प्युटरच्या भरवशावर आली."

मी त्या बाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि कागद घेतला. काही बिघडलं की मी तीन प्रश्न लिहिते: काय गेलं, कोणाचं गेलं, केव्हा गेलं. पहिल्याचं उत्तर समोर बसलं होतं. दुसऱ्यासाठी आशाताईंना म्हटलं, त्या दिवशी कोण कोणामागे रांगेत होतं ते आठवेल का?

"आठवाचं काय त्यात? घराघरानं बोलावलं होतं. शाळेपासून सुरू केलं."

त्या घर सांगत गेल्या, मी स्क्रीनवर बघत गेले. शाळेजवळची घरं होती. दुकान होतं. सरपंचाचं घर होतं. या नवऱ्याची आई होती, तिचं कार्ड पांढरं. ती अलीकडच्या गल्लीत बहिणीकडे बसली असताना रक्त देऊन गेली होती. मग हातपंप आला आणि तिथून पुढे कोणीच नव्हतं. एकही घर नाही. हातपंपापासून पुढचं गाव कॉम्प्युटरमध्ये नव्हतंच.

आतल्या खोलीतून आमचे लॅबवाले भाऊ आले. माझ्याहून वयाने मोठे, चंद्रपूरचे, कामात सावकाश, पण तोंडाने नाही. चिठ्ठ्या मी वाचते आणि ते टाइप करतात.

"भाऊ, तुमच्याकडून काही पुसलं गेलं का?"

"मले पुसता येत नाई बाई. भरतच मुश्किलीनं येते."

"मग या माणसाची नळी आठवते?"

"चेहरा आठवते. नळी नाई आठवत. रोज इतक्या बघतो." मग ते थांबले आणि आशाताईंकडे वळले. "तुमच्या गावच्या चिठ्ठ्या म्हणजे गारा पडल्या त्या दिवशीच्या ना?"

तो दिवस मला लख्ख आठवला. ढग वाजायला लागले तशी मी भराभर वाचत गेले आणि भाऊ भराभर भरत गेले, मेन पाडायच्या आधी गाव संपवायचं म्हणून. प्रत्येक नावानंतर "जतन झाले" आलं होतं. ते मी स्वतः बघितलं होतं. मग मेन पाडला, खिडक्या लावल्या आणि मागे जाऊन चिठ्ठ्या जाळल्या.

रोज रात्री सगळ्याची एक प्रत आपोआप निघत असे. ती उघडली. त्यातही हातपंपाच्या पुढे कोणी नव्हतं.

आमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर आम्ही नीट बंद करत असू. पण सगळी माहिती ठेवणारा डबा मागच्या कोंदट खोलीत, फ्रीजशेजारी. त्याला ना स्क्रीन ना बटणांची पाटी. त्याला कोणी बंद करत नसे. इन्व्हर्टर पुन्हा आलाच नव्हता, त्यामुळे मेन पडला की तो पडायचा. मी म्हटलं, करून बघू. एक खोटं नाव भरते आणि मेन पाडते.

"खोटं काऊन? माझंच टाका," भाऊ म्हणाले. "गेलो तर गेलो."

त्यांचं नाव टाकलं. "जतन झाले." मेन पाडला. परत चढवला, डबा सुरू झाला, शोधलं. नाव नाही.

"घ्या. मेलो मी," भाऊ म्हणाले. बाकावरची बाई आमच्याकडे टक लावून बघत होती.

पुन्हा नाव टाकलं. या वेळी चहा ठेवला, तो उकळू दिला, सगळ्यांनी निवांत प्यायला. मग मेन पाडला. परत चढवल्यावर भाऊ जागेवर होते.

ज्यांनी हा कॉम्प्युटर बसवून दिला त्या नागपूरच्या माणसाला फोन लावला. रेंज दारातल्या पायरीवर येते, म्हणून पायरीवर उभी राहून बोलले.

"मॅडम, ती डिफॉल्ट सेटिंग आहे."

"म्हणजे कोणी केली?"

"कोणीच नाही केली. येतानाच तशी येते. आपण नवीन भरलेलं तो आधी डोक्यात ठेवतो अन् मग थोड्या थोड्या वेळानं डिस्कवर लिहितो. एंट्री कमी असल्या तर पंधरा मिनिटंही थांबतो."

"मग स्क्रीनवर जतन झाले कसं येतं?"

"त्याचा अर्थ, ऐकलं."

"लिहिलं नाही?"

"लिहीन, असं."

"आणि थांबतो कशासाठी?"

"मशीन फास्ट चालावी म्हणून, मॅडम. प्रत्येक एंट्रीला लिहीत बसला तर स्लो होते."

"अहो, आम्हाला घाई कुठे आहे? दिवसाला जेमतेम एक गाव भरतो आम्ही."

"बदलता येते. एका ओळीचं काम आहे. तुमच्याकडे लाइट जाते का जास्त?"

मेन आम्हीच पाडतो, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, नागपुरात असं कोणी करत नाही, म्हणून विचारायचं सुचलं नाही. गेलेलं परत येईल का, हे मी दोनदा विचारलं. जे डिस्कवर गेलंच नाही ते कुठून आणू, असं त्याचं उत्तर. बरोबर होतं. प्रतही रोज निघत होती, पण जे लिहिलंच नव्हतं त्याची प्रत कुठून निघणार? ती ओळ त्याने फोनवर सांगून बदलवून घेतली. मी पायरीवरून एकेक अक्षर सांगितलं आणि भाऊंनी टेबलावर टाइप केलं.

आता तिसरा प्रश्न उरला होता, केव्हा गेलं. त्याचं उत्तर वाईट होतं. जेव्हा जेव्हा आम्ही ढगाच्या धाकाने घाईघाईत भरलं, तेव्हा तेव्हा. त्या महिन्यात अवकाळी दोनदा आला होता. आणखी एका गावाचं शेपूट असंच तुटलेलं निघालं. पण ती माणसं गावात होती, पुन्हा बोट पुढे करू शकत होती. हिचा नवरा नव्हता, आणि हिची मुदत चालली होती.

भाऊ म्हणाले, "बाई, त्याच्या मायचं पांढरं हाये ना? बापाचं बघू. बापाचंही साफ निघालं तर पोराले दोष येईन कुठून?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गावात होतो. मोह वेचायचे दिवस, उजाडल्यावर कोणी घरी सापडत नाही. सासरा झाडाखालीच भेटला. भोवतीचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, त्यावर पिवळट फुलं पडलेली, आणि तो उकिडवा बसून टोपली भरत होता. भाऊंनी समजावलं.

"एकदा घेतलं ना रक्त माझं," तो म्हणाला. "तुमी ते पिता काय?"

"हरवलं बाबाजी."

"रक्त हरवलं?"

"रक्ताचा निकाल हरवला."

"मंग सरकारी काम झालं हे." तरी त्याने बोट पुढे केलं. मोहाच्या रसाने बोट चिकट झालेलं, भाऊंना दोनदा पुसावं लागलं.

ही तपासणी जागेवर होते. नळीत औषधाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब, हलवायचं, थोडं थांबायचं आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा. नळीतून रेघा दिसल्या तर साफ. पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या तर दोष आहे. मी कागद धरला होता. सून सासऱ्याच्या मागे उभी होती, हातात रिकामी टोपली. हळूहळू रेघा पुसट झाल्या आणि मग गेल्या.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. म्हातारा म्हणाला, "काय झालं? मी मरतो काय?"

"तुम्हाला काही नाही बाबाजी. तुमच्या पोराला बोलवावं लागेल."

म्हणजे नवराही पिवळा असायची निम्मी शक्यता. सून टोपली घेऊन पलीकडच्या झाडाखाली गेली आणि वेचायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मीही फुलं उचलून तिच्या टोपलीत टाकू लागले.

आशाताईंनी मिरचीच्या मुकादमाच्या भाच्याला गाठलं, त्याच्याकडून मुकादमाला आणि तिकडे निघालेल्या जीपच्या ड्रायव्हरला निरोप गेला. मग वाट बघणं. मी त्या दिवसांत नागपूरच्या दवाखान्याची चौकशी केली, गाडी सांगून ठेवली, कोणते कागद लागतील ते लिहून काढलं. रात्री झोपेत रेघांचा कागद दिसे. भाऊ हातपंपापुढचं गाव पुन्हा तपासत राहिले. लोक बोट देत होते, पण टोमणे मारत होते. "या वेळी कॉम्प्युटरले जेवू घालून आणलं ना?"

तो दुपारी आला, जीपमधून उतरून सरळ केंद्रात. सोबत बायको आणि आशाताई. डोळे लाल, हात लालसर सुजलेले.

"हात धुवा साबणाने," मी म्हटलं.

"तीनदा धुतले बाई. मिरची जात नाई. हातच जळून राह्यले, तुमच्या सुईचं काय घेऊन बसता."

भाऊंनी थेंब घेतला, नळी हलवली. मी कागद धरला. बाहेर ऊन मंदावलं होतं, आभाळ भरून येत होतं, म्हणून खिडकीजवळ गेलो. भाऊ नळी धरून उभे राहिले. हवं त्याहून जास्त वेळ आम्ही थांबलो. रेघा दिसत होत्या. काळ्या, सरळ, सगळ्या.

"दिसून राह्यल्या," त्याची बायको म्हणाली. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. आमच्या आधी तिनेच वाचलं.

भाऊंनी खात्रीसाठी दुसरा थेंब घेऊन पुन्हा केलं. यंत्रावरची मोठी तपासणीही केली. तिचा निकाल दुसऱ्या दिवशी आला, तोही साफ. पण चिठ्ठी त्याच दुपारी लिहिली आणि नाव कॉम्प्युटरवर भरलं. "जतन झाले." तेवढ्यात पहिला ढग वाजला.

भाऊ सवयीने मेनकडे गेले आणि तिथेच थांबले. खटक्यावर हात, नजर माझ्याकडे.

"आता राहीन ना जी त्यांचं नाव?" तिने विचारलं.

ती ओळ बदललेली होती. मी ती त्या आठवड्यात कितीदा तरी तपासली होती. तरी मी म्हटलं, "बघू."

भाऊंनी मेन पाडला. खोलीत अंधार झाला, पंखा थांबला. आम्ही सगळे दारात बसलो. पाऊस आला, थोडा वेळ पडला, गेला. तो नवरा हातांना गार वाटावं म्हणून पागोळ्यांखाली हात धरून उभा होता. ढग लांब गेल्यावर मी स्वतः मेन चढवला, डबा सुरू व्हायची वाट बघितली आणि तिला खुर्चीत बसवलं.

नाव मी टाकलं. ते आलं.

तिने स्क्रीनवर बोट ठेवून ते एकदा वाचलं. चिठ्ठी मात्र मी त्या दिवशी जाळली नाही. कपाटात कुलुपात ठेवली, दुसऱ्या दिवशी नाव पुन्हा बघितलं आणि मग चुलीत घातली. मेनवरचा कागद बदलला नाही. त्याखाली एक ओळ वाढवली आहे: "दुसऱ्या दिवशी नाव बघा, मगच चिठ्ठी जाळा."